आवाज बसतो म्हणजे नेमकं काय बसतं?

आपल्या केंद्रावर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. आवाज बसला तर घरी किती दिवस थांबायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं? विचारणाऱ्यांत अंगणवाडीच्या ताई आहेत, आशाताई आहेत, भजनी मंडळातल्या बाया आहेत आणि आठवडी बाजारात माळवं विकणाऱ्याही आहेत. उत्तर आधीच सांगून टाकतो: तीन आठवडे. तीन आठवड्यांत आवाज पहिल्यासारखा झाला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायचं. दुखत असो वा नसो. तीनच आठवडे का, हे कळायला घशाच्या आत जरा डोकावावं लागेल.

आत्ता गळ्यावर पुढून दोन बोटं ठेवा आणि आवंढा गिळा. काहीतरी कडक वर सरकून खाली येतं ना? ते स्वरयंत्र. आता लांब ‘आ’ म्हणा. बोटांना बारीक थरथर लागेल. ती थरथर दोन पट्ट्यांची आहे. स्वरयंत्राच्या आत पुढे जोडलेल्या आणि मागे उघडझाप करणाऱ्या दोन मऊ, ओलसर पट्ट्या असतात. बायकांमध्ये त्यांची लांबी एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे चिंचोक्याएवढी. श्वास घेताना त्या बाजूला होतात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेनं थरथरू लागतात. बाईच्या आवाजात ही थरथर सेकंदाला साधारण २०० वेळा होते, पुरुषाच्या आवाजात १०० ते १२५ वेळा. म्हणून त्यांचा आवाज जाड आणि आपला बारीक. हिशेब करा: तासभर न थांबता सूर लावला तर ७ लाख २० हजार वेळा या पट्ट्या एकमेकींवर आपटतील. बोलताना आपण मधे थांबतो, श्वास घेतो, तरीही आकडा लाखांतच राहतो.

या पट्ट्या कडेला सुजल्या, कोरड्या पडल्या, त्यांच्यावर गाठ आली किंवा त्यांना हलवणारी शीर दुखावली, की त्या नीट मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा, चिरका नाहीतर नुसता फुसका येतो. आवाज ‘बसतो’ तो असा.

आणखी एक गोष्ट आधी पक्की करून घेऊ, कारण आपल्या सगळ्या घरगुती इलाजांचा हिशेब तिथे आहे. स्वरयंत्र अन्ननळीत नसतं, श्वासनळीच्या तोंडाशी असतं. त्याचं पहिलं काम बोलणं नव्हेच, अन्नपाणी श्वासनळीत जाऊ न देणं हे आहे. आपण गिळतो तेव्हा ते दार बंद होतं. चुकून पाण्याचा थेंब आत गेलाच तर जोरात ठसका लागतो. म्हणजे मध, आलं, ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध यातलं काहीही स्वरपट्ट्यांना लागत नाही. लागलं तर ठसक्यानं जीव घाबरा होईल! गुळण्याही घशाच्या मागच्या भिंतीपर्यंतच पोचतात. यांचा उपयोग नाही असं नाही. घसा दुखत, खवखवत असेल तर मिठाच्या कोमट पाण्यानं बरं वाटतं, मधानं खोकला शमतो (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही). पण घसा दुखणं वेगळं आणि आवाज बसणं वेगळं. बसलेल्या आवाजाला लागते ती विश्रांती, भरपूर पाणी आणि साध्या पाण्याची वाफ. वाफ श्वासाबरोबर जाते म्हणून ती पट्ट्यांपर्यंत पोचते. त्यात बाम टाकायची गरज नाही. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं पोरांच्या जवळ ठेवू नका, सर्दीपेक्षा भाजलेलं महागात पडतं.

आता कारणांकडे येऊ. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे सर्दी-पडशानं पट्ट्यांना आलेली सूज. ती विषाणूमुळे येते, आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उतरते, आणि तिला अँटिबायोटिकच्या गोळ्या लागत नाहीत. या दिवसांत आवाज वापरायचा नाही, एवढाच खरा इलाज. बऱ्याच जणी मोठ्यानं बोलत नाहीत, पण दिवसभर कुजबुजतात. कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे. कुजबुजताना घसा आवळला जातो. बोलायचंच तर हळू पण साध्या आवाजात, थोडकं बोला. सारखं खाकरूही नका. खाकरताना दोन्ही पट्ट्या एकमेकींवर जोरात घासतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा आवंढा गिळा.

दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. खुरपं धरून धरून तळहाताला घट्टा पडतो तसाच घट्टा स्वरपट्टीलाही पडतो. रोज ओरडून बोललं की दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर, जिथे त्या सगळ्यात जास्त आपटतात नेमक्या तिथे, बारीक गाठी तयार होतात. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, गायिका आणि आरडाओरडा करणारी लहान मुलं यांच्यात या गाठी जास्त दिसतात. सकाळी आवाज बरा असतो, संध्याकाळी पार बसतो. वरचा सूर लागत नाही, भजनात पट्टी उतरवावी लागते. ‘गाठ’ म्हटल्यावर छातीत धस्स होतं, पण ही गाठ कॅन्सरची नसते. ओरडणं थांबवलं आणि आवाज कसा लावायचा हे शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून व्यायाम शिकले, तर बहुतेक गाठी ऑपरेशनशिवाय विरतात. ऑपरेशन करून परत तसंच ओरडत राहिलं तर मात्र गाठ पुन्हा येते.

कधी कधी एकाच आरोळीनं काम होतं. जत्रेत जोरात ‘चांगभलं’ केलं, बैल बिथरला म्हणून किंचाळी फोडली, आणि त्याच क्षणी आवाज गेला. पट्टीतली बारीक रक्तवाहिनी फुटून तिथे रक्त साकळतं, पुढे त्याचा फुगवटाही होतो, तो बहुधा एकाच पट्टीवर. अशा वेळी लगेच पूर्ण गप्प बसायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

आमचं म्हणणं असं की ओरडण्याची सवय सोडायची तर तिला पर्याय हवा. ज्वारीवरची पाखरं हाकायला डबा बडवा. रानात कुणाला बोलवायचं तर शिट्टी ठेवा. अंगणवाडीत पोरांना गप्प करायला टाळी किंवा डफली चालते, मुलं तिला आवाजापेक्षा लवकर ऐकतात. पिठाच्या गिरणीत, ट्रॅक्टरशेजारी, डीजेपुढे गप्पा मारू नका. गोंगाटात आपला आवाज आपल्याला न कळत चढतो. गटाच्या बैठकीला पन्नास बाया असतील तर माइक मागा. ग्रामपंचायतीकडे लाउडस्पीकर असतो, तो फक्त सरपंचांसाठी नाही.

मसाला आणि चटणीचा व्यवसाय करणाऱ्या गटांना थोडं वेगळं सांगायचं आहे. मिरची कांडताना जो खाट उठतो तो स्वरपट्ट्यांना आणि फुप्फुसांना सारखाच झोंबतो. खोलीला आरपार वारा हवा, तोंडा-नाकावर चांगला बसणारा मास्क हवा, नुसता पदर पुरत नाही. मळणीचा भुसा, गिरणीचं पीठ, फवारणीचं औषध यांचंही तेच. चुलीच्या धुरानं तर घसा रोजचाच कोरडा पडतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघर गॅस आला, पण टाकी परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटते हे आम्हाला माहीत आहे. निदान चूल आडोशाला, धूर बाहेर जाईल अशी मांडा आणि सुकं सरपण जाळा.

आता पित्ताबद्दल. पोटातलं आंबट पाणी वर येऊन स्वरयंत्रापर्यंत पोचलं तर पट्ट्या भाजल्यासारख्या लाल होतात. गंमत म्हणजे अशा कित्येक जणींना छातीत जळजळ होतच नाही. त्यांना होतं काय? सकाळी उठल्यावर आवाज जड, घशात कफ अडकल्यासारखं वाटून सारखं खाकरणं, कोरडा खोकला, गिळताना गोळा असल्याचा भास. कफाचं औषध पिऊन पिऊन दमतात, कारण दुखणं कफाचं नसतंच. आपल्या घरांत बाई सगळ्यांत शेवटी जेवते, भांडी घासते आणि तशीच आडवी होते. पोट भरलेलं असताना आडवं झालं की आंबट पाणी वर यायला वाट मोकळी. जेवण आणि झोप यांत तीन तास जावेत असं डॉक्टर सांगतात. त्यासाठी बाईनं सगळ्यांबरोबर जेवायला बसावं लागेल, आणि हा इलाज औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्याशिवाय कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू थोडी उंच करा, परकराची नाडी करकचून बांधू नका, तळलेलं-तिखट रात्री कमी खा, चहावर चहा पिऊ नका.

पुढचं सांगताना आम्ही जरा थांबून सांगणार आहोत. कधी कधी बाईची वाचा अचानक जाते. घरात मोठं भांडण झालं, मारहाण झाली, कुणी गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती फक्त कुजबुजते. घरचे म्हणतात सोंग करते, नाहीतर बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेतात. तिथे कोंबडं, लिंबू, उदाचा धूर, प्रसंगी मारही. अशा बाईच्या स्वरपट्ट्या तपासल्या तर बऱ्याचदा त्या अगदी नीट असतात. ओळखायची एक खूण आहे: ती खोकते किंवा हसते तेव्हा आवाज नीट निघतो, बोलायला गेली की निघत नाही. मनावर ताण असह्य झाला की बोलण्याचे स्नायू आवळले जातात. हे सोंग नाही, तिच्या हातातही नाही. आवाजाचा तज्ज्ञ खोकल्याचा, हुंकाराचा सूर धरून तिला पुन्हा बोलण्यापर्यंत आणतो, आणि कित्येकींचा आवाज थोड्याच दिवसांत परत येतो. पण ज्यामुळे गेला ते घरात तसंच राहिलं तर तो पुन्हा जाऊ शकतो. गटातल्या कुणाला असं झालं तर आधी डॉक्टरकडे नेऊन पट्ट्या तपासून घ्या, आणि तिला एकटीला विचारा, सासरच्यांसमोर नाही.

याच्यात एक घोटाळा होऊ देऊ नका. बोलणं अचानक बंद झालं आणि बरोबर तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला किंवा शब्द बरळल्यासारखे येऊ लागले, तर तो अर्धांगवायूचा झटका असू शकतो. तेव्हा १०८ ला फोन करून ताबडतोब दवाखाना गाठायचा. तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

स्वरपट्ट्या हलवणारी डाव्या बाजूची शीर मोठी गमतीची आहे. ती मानेतून थेट स्वरयंत्रात जात नाही. खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. दारासमोरून पुढे जाऊन, गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं घरात यावं तशी. म्हणून छातीतला टीबी, फुप्फुसातली गाठ किंवा हृदयाचा आजार यांची पहिली खूण कधी कधी आवाजात दिसते. आवाज हवेसारखा फुसका होतो, पाणी पिताना ठसका लागतो. घसा दाखवायला गेलात आणि डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला, तर पैसे काढायला सांगतात असं समजू नका. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्येही ही शीर जवळ असते, त्यानंतर आवाज बदलला तर डॉक्टरांना जरूर सांगा.

थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी आवाज जड होतो. बरोबर वजन वाढतं, केस गळतात, थंडी सोसत नाही, पाळीत जास्त जातं. रक्ताची टीएसएच तपासणी केली की कळतं आणि रोजच्या गोळीनं आटोक्यात येतं. गळ्याला पुढे सूज दिसत असेल तर तो गलगंड असू शकतो. तो आयोडीन कमी पडल्यानं होऊ नये म्हणून देशात १९६२ पासून सरकारी कार्यक्रम चालू आहे, आणि म्हणून मीठ आयोडीनचंच घ्यायचं, झाकून ठेवायचं.

आता तीन आठवड्यांकडे परत येऊ. सर्दीची सूज तोवर उतरते. जी उतरत नाही तिच्यामागे काय आहे हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्यात एक शक्यता कॅन्सरची असते. स्वरपट्टीवरचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. फक्त आवाज बदलतो, आणि तेवढ्या एका खुणेवर पकडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. उशीर झाला तर सबंध स्वरयंत्र काढावं लागतं. बिडी-सिगारेटनं तो होतो हे आपल्याला माहीत आहे. पण आपल्याकडच्या बायकांचा प्रश्न मिशरीचा आहे. तंबाखू भाजून काळी केलेली ही पूड दात घासायला म्हणून सुरू होते, मग पोट साफ होतं म्हणून, मग दिवसातून चार वेळा. भाजली म्हणून ती तंबाखू राहिली नाही असं होत नाही. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर तिच्यानं होतो, गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण मिशरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिथे कोणता इन्स्पेक्टर येणार? एकदम सुटत नसेल तर आशाताईला विचारा, तंबाखू सोडवायला सरकारी दवाखान्यात मदत मिळते.

आवाजाबरोबर आणखी काही खुणा दिसल्या तर तीन आठवडेही थांबू नका: गळ्यात न दुखणारी गाठ, थुंकीतून रक्त, एकाच कानात सतत ठणका, गिळायला अडचण, वजन उतरणं. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला तर त्याच दिवशी दवाखाना. तोंडानं ओढायचा दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी प्रत्येक वेळी नंतर चूळ भरावी, त्याच्या औषधानंही आवाज बसतो.

गिळण्याच्या अडचणीत एक प्रकार खास आपला, म्हणजे बायकांचा आहे. वर्षानुवर्षं अंगात रक्त कमी असलं, की काही जणींच्या अन्ननळीच्या वरच्या टोकाला पातळ पडदा धरतो. भाकरीचा घास अडकतो, आमटीत कुस्करून खाल्ला तर जातो. बाई वरण-भातावर येते आणि कुणाला सांगत नाही. लोहाच्या गोळ्यांनी बऱ्याच जणींना उतार पडतो, पण दुर्लक्ष केलं तर त्या जागी पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. भाकरी खाणं सोडलेली एखादी तुमच्या गटात असेल तर हिमोग्लोबिन तपासा म्हणावं.

मुलांच्या घशाबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळ्या भागाचा विषय आहे. सर्दी-खोकला नसताना खूप ताप, घसा लाल, गिळवत नाही, मानेत दुखणाऱ्या गाठी, असं ५ ते १५ वर्षांच्या मुलाला झालं तर डॉक्टरला दाखवा. त्यातला एक जंतू अर्धवट उपचारानंतर सांधे आणि हृदयाच्या झडपा धरतो. म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं तर ताप उतरला तरी ते पुरं करायचं. घशात राखाडी पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. त्याची लस बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असते, पुढे १० आणि १६ व्या वर्षी. शेवटचे डोस शाळेच्या वयात चुकतात, लसीचं कार्ड काढून बघा.

आणि तपासणीची भीती अनेकींना असते म्हणून ती कशी असते ते सांगतो. स्वरपट्ट्या जिवंत माणसात हलताना पहिल्यांदा नीट पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता, गाण्याचा शिक्षक होता. १८५४ साली पॅरिसमध्ये मानुएल गार्सियानं दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्याच पट्ट्या पाहिल्या. आजही डॉक्टर तसाच लांब दांडीचा आरसा वापरतात. जीभ कापडात धरून थोडी बाहेर घेतात, तोंडानं श्वास घ्यायला आणि लांब ‘ई’ म्हणायला सांगतात. दोन मिनिटांत होतं. कधी नाकातून बारीक दुर्बीण घालतात, त्याआधी औषध मारून जागा बधिर करतात. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. जाताना आवाज कधीपासून बसला, सकाळी जास्त की संध्याकाळी, कोणत्या गोळ्या चालू आहेत, गळ्याचं ऑपरेशन झालं आहे का, हे कागदावर लिहून न्या. मिशरी लावत असाल तर सांगा. सासूबाई बरोबर असतील आणि त्यांच्यासमोर बोलवत नसेल, तर डॉक्टरांना ‘एकटीशी बोलायचं आहे’ म्हणा, त्या वेळी ते बाकीच्यांना बाहेर थांबवतात. आणि भरपेट जेवून जाऊ नका, आरसा लागला की उमासे येतात.